कठडा हलवून पाहू नये

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि भावोजींचा खोकला अजून पाहुणे आले की वाढतो का, ते सविस्तर कळव. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मला सोडून.

आधी हिशेब. पार्कच्या तिकिटावर जी किंमत छापलेली असते तिच्यावर जाऊ नकोस. मला ते तिकीट असं पडलं: सदऱ्याची बटणं (गळ्यापासून पोटापर्यंतची), रात्रभराची झोप, घसा (तो अजून बसलेलाच आहे, म्हणून फोनऐवजी पत्र, शिवाय तुमच्याकडे फोन आला की भावोजी तो स्पीकरवर टाकून अख्ख्या मजल्याला ऐकवतात), आणि सारी हयात लोखंडी गेटं-जिने घडवण्यात घालवून कमावलेलं नाव. बाकी तिकीट फुकट होतं. सुनेनं काढलं होतं.

भावोजींना आधीच एक सांगून ठेव. स्टुलावर चढलं तरी मला घेरी येते, असं ते पोराच्या लग्नात चारचौघांत म्हणाले होते. त्यांना म्हणावं, तुमचा मेव्हणा रविवारी ‘खाणी’च्या रांगेत शिरला तो शेवटच्या खोलीपर्यंत गेला, आल्या वाटेनं एक पाऊल मागे फिरला नाही, आणि ती लिफ्ट कोसळली तेव्हा त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. पत्राचा एवढा भाग मोठ्यानं वाचलास तरी चालेल.

आता ‘खाण’ म्हणजे काय ते सांगतो. बंद पडलेल्या खाणीतली असावी तशी पिंजऱ्यासारखी लिफ्ट. माणसं पट्ट्यांनी बांधून आत बसवायची, उंच न्यायची आणि सोडून द्यायची. झालं, संपलं. वरून सोडलेली वस्तू खाली येते हे मी वर्कशॉपमध्ये पायावर पाना पडून फुकटात शिकलो. इथे लोक त्यासाठी अर्धा दिवस रांगेत उभे राहतात. आणि त्या उभं राहण्यावरून माणसांत दोन पक्ष आहेत, हे मला ह्या वयात कळलं. आपल्या सुनेचं एक राइडप्रेमी मंडळ आहे. चांगली मिळवती, चष्मा लावणारी मोठी माणसं. पण सुट्टीच्या दिवशी एकत्र जमतात आणि भांडतात. राइडवरून नव्हे हं, रांगेवरून! एक पक्ष साध्या रांगेचा: कठडे, ऊन आणि पुढच्याची पाठ. दुसरा खेळत्या रांगेचा: भिंतीत काहीतरी दाबायचं, ओढायचं, त्यातून कोणीतरी बोलणार, वाट पाहता पाहता खेळ चालू. ह्या दुसऱ्या पक्षाची म्होरकी आपली सून.

सुनेबद्दल तुला लिहायचंच होतं. पोरगी गुणी आहे, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर पुकारायचं काम करते, आवाज खणखणीत. पण लग्नाला एवढे दिवस झाले तरी ती मला कशानंच हाक मारत नाही. ‘अहो’ म्हणावं तर नवरा वाटतो, ‘काका’ म्हणावं तर शेजारी, आणि ‘बाबा’ म्हणायला जीभ वळत नाही (तिचे वडील जाऊन फार दिवस झालेले नाहीत, ते मी समजतो). त्यामुळे ती माझ्याशी वस्तूंच्या मार्फत बोलते. ‘चहा झालाय’ हे किटलीला सांगते. परवा ‘लादी ओली आहे’ हे पंख्याला सांगितलं, पंख्यानं मला सांगितलं नाही, आणि मी आडवा झालो. शेकडो गिऱ्हाइकं आजवर मला नावानं, आडनावानं आणि कधी कधी शिव्यांनी हाक मारत आली. पण घरात बिननावाचं राहणं फार बोचतं गं. म्हणून, पोरगा कामासाठी परगावी गेल्यावर ती जेव्हा माठाला म्हणाली, ‘रविवारचं एक तिकीट वाया जाणार,’ तेव्हा मी माठाच्या वतीनं ताबडतोब होकार देऊन टाकला. त्या वेळी ‘खाण’ काय चीज आहे हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर माठाला तहान लागली असती.

रांगेच्या तोंडाशीच साध्या पक्षाचे पुढारी भेटले. दातांचे डॉक्टर, झुबकेदार मिशा. त्यांचं म्हणणं, भीती ही बिनसाखरेच्या चहासारखी घ्यावी. त्यांच्या दवाखान्यात म्हणे एक बाक आहे आणि एक बंद दार, तिसरी वस्तू नाही. पेशंट खुर्चीपर्यंत येतो तोच अर्धा बधिर होऊन. सून म्हणाली, ‘थांबलेल्या माणसाच्या हाताला काम द्या डॉक्टर, नाहीतर तो मनाला काम देतो.’ (मी मनात म्हटलं, शाब्बास, ही आपल्या घरात शोभणार.) डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही खुळखुळा हलवून माणसं फसवताय.’ ती म्हणाली, ‘आणि तुम्ही माणसं रडवून त्याला शिस्त म्हणताय.’ मग डॉक्टर माझ्याकडे वळले आणि मिशीला पीळ देत म्हणाले, ‘मी तर डोळे उघडे ठेवून बसतो, पट्टासुद्धा घट्ट करत नाही.’ मी मान डोलावली. मान तशीही डोलतच होती.

कारण मला ऐकू यायला लागलं होतं. माझे कान तुला माहीत आहेत. लहानपणी डबा मागच्या खोलीत उघडलास तरी मला अंगणात कळायचं. बाकीच्यांना पत्र्याच्या भिंतीपलीकडून लिफ्टमधल्यांचा नुसता गलका ऐकू येत होता, मला एकेक माणूस वेगळा. एक जाडसर आवाजाचा गृहस्थ वर जाताना शेजारच्याला विनोद सांगत होता. लिफ्ट थांबली. विनोद अगदी शेवटाला आलेला. आणि सुटली. तो विनोद कसा संपतो हे मला अजून कळलेलं नाही, आणि मला वाटतं त्यालाही आता आठवत नसेल.

‘खाणी’ची रांग खेळती, खोल्याखोल्यांतून जाणारी. पहिल्या खोलीत भिंतीवर जुना काळा फोन होता. तो वाजला. वाजणारा फोन मी जन्मात सोडलेला नाही, माझा धंदाच त्यावर उभा राहिला. उचलला आणि सवयीनं विचारलं, ‘बोला, गेट की जिना?’ पलीकडून कोणी धापा टाकत म्हणालं, ‘आम्ही खाली अडकलोय. तुमच्यातला एक जण कमी झालाय. मोजा.’ मी म्हटलं, आधी तुम्ही शांतपणे पत्ता सांगा, माणूस पाठवतो. फोन बंद. सून ओठ दाबून हसत होती, म्हणजे तो खेळ होता. पण ताई, मी मोजलं. दोनदा मोजलं, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. आपल्यातला एक कमी झाला असेल तर तो कोण, आणि तो मीच असेन तर मला कसं कळणार, ह्या विचारानं पाठीतून थंड पाणी उतरलं.

पुढे बोगदा. अंधार, खांबांना टांगलेले कंदील, आणि एका बाजूनं लोखंडी कठडा. आता कठडा दिसला की मी तो हलवून पाहतो, हे तुला काय सांगायचं? लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, स्मशान असो, वेल्डिंग तपासल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. (तुझ्या व्याह्यांच्या जिन्याचा कठडा माझ्या हातात आला होता तो किस्सा भावोजी रंगवून सांगतात, वेल्डिंग कच्चं होतं, तेवढं मात्र गाळतात.) तसा हाही हलवला. आणि डोक्यावर कुठेतरी झालं: टक्.

हा आवाज मी झोपेतही ओळखीन. बोल्ट अर्ध्या आट्यानं सैल असावा, त्यावर भार यावा, आणि तो जागेवरून सरकावा, तेव्हा असा टक् होतो. दुसरा कसलाच नाही. त्या बाबतीत ह्या कानांना आजवर कोणी फसवलेलं नाही. मी थिजलो. कठडा घट्ट धरला. टक्. आणखी घट्ट धरला. टक् टक्. वर लिफ्ट भरत होती, पट्टे लागल्याचे आवाज येत होते, आणि माझ्यापुढे दोन माणसं सोडून आपली सून उभी होती, कंदिलाखाली, कोणाला तरी समजावत की ही रांग किती विचार करून बांधली आहे. ताई, खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला माझी भीती आठवलीच नाही. डोळ्यांसमोर एकच आलं: पोरगा परगावाहून आला आहे, दारात बॅग ठेवून विचारतो आहे, ती कुठे आहे? आणि मी किटलीकडे बघतो आहे. दोन्ही हातांनी कठडा आवळून मी ओरडलो, ‘थांबवा! बोल्ट सैल आहे! वर कोणी जाऊ नका!’

पुढे जे झालं त्यात बटणं गेली. अंधाऱ्या बोगद्यात माणसं एकदम उलटी वळली की कशी लोटतात ते तुला कळणार नाही. पोरं रडायला लागली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मिशा तेवढ्या जागेवर राहिल्या, बाकी रंग निघून गेला. मी ओरडतच होतो, आणि वर टक् टक् टक् असा नुसता पाऊस. शेवटी टॉर्च घेऊन रांग सांभाळणारी बाई आली. माझ्या तोंडावर उजेड टाकला, मग हातावर टाकला, आणि फार थकलेल्या आवाजात म्हणाली, ‘काका, आधी तो कठडा सोडा.’

सोडला. आवाज बंद.

‘आता धरा.’

धरला. टक्.

‘खेळ आहे तो,’ ती म्हणाली. ‘जितका घट्ट धराल तितका वाजतो. स्पीकर आहे वर.’ मग अख्ख्या रांगेनं एकदम कठडा धरला. टक् टक् टक् टक्, आणि त्यावर हशा. मघाशी रडणारी पोरं तर लोंबकळायलाच लागली. मंडळात तिथल्या तिथे वाद पेटला: डॉक्टर म्हणाले, साधा कठडा असता तर हा भला माणूस सुखानं उभा राहिला असता, खेळत्या पक्षातली एक शिंपीणबाई म्हणाली, अहो, एवढी रंगलेली रांग मी आजवर पाहिली नाही, ह्यांना दर रविवारी आणा. दोन्ही पक्ष माझ्याकडे पुरावा म्हणून बोट दाखवत होते. डॉक्टर तर ‘बघा आता कसं बसायचं ते’ म्हणून तरातरा पुढे निघून गेले. मी मात्र भिंतीत एखादं भोक शोधत होतो.

एकटी सून हसली नाही. माणसं ओलांडून मागे आली, किटलीला नाही, पंख्याला नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, ‘लागलं का कुठे?’ मी म्हटलं, छे, नावाला थोडा पोचा आलाय. तेव्हा मला दुसरा एक आवाज ऐकू आला. तिच्या हातात घराच्या किल्ल्या होत्या. ती जागच्या जागी उभी होती, आणि किल्ल्या वाजत होत्या. लोखंडाचा आवाज चुकलो असेन, ताई, हा नाही चुकलो.

शेवटच्या खोलीत समोर लिफ्टचं दार. (डावीकडेही एक वस्तू आहे, तिचं इथे काम नाही.) दार उघडलं, आत रिकाम्या खुर्च्या, पट्टे लोंबत असलेले. तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, ‘बाबा.’

पुढचं लिहिता येण्यासारखं नाही. लिफ्ट वर गेली, कोसळली, माणसं किंचाळली. मी हूं की चूं केलं नाही. बाहेर आलो. बाकावर बसून चहा घेतला, आणि घरी येईपर्यंत तिनं मला तीन वेळा हाक मारली. एकदा तर काही काम नसताना.

भावोजींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याला आराम.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींना इथपर्यंतच वाचून दाखव आणि कागद दुमड. ते राइडमध्ये बसलेल्यांचा फोटो मागतील. फोटो नाही.

ता. क. दुसरा. आता कामाचं. येत्या शनिवारी फोन कर (मला नाही, सुनेला) आणि गुडघा फारच दुखतो म्हण. रविवारी दोन दिवसांसाठी तिला मदतीला बोलव. तिला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून मीही येईन. त्या दिवशी मंडळ खेळत्या पक्षाची म्होरकी म्हणून तिचा सत्कार करणार आहे, आणि सत्कारानंतर सगळ्यांनी मिळून ‘खाणी’त बसायचं ठरलंय. ‘बाबा’ म्हटल्यावर ती पुढे काय म्हणाली ते तुला एकटीला सांगतो: ‘मी आजवर इथून पुढे गेलेली नाही. मला फक्त रांग आवडते.’ लहानपणी तिचे वडील तिला रांगेपर्यंत आणायचे, सगळे खेळ खेळू द्यायचे, आणि खुर्च्या दिसल्या की तिचा हात धरून डावीकडच्या लहान दारातून बाहेर न्यायचे. भ्यालेल्यांसाठी ठेवलेलं दार आहे ते. घरी गेल्यावर सांगायचे, ‘पोरगी बसली हो! हूं की चूं केलं नाही.’ कोणाला कधी कळलं नाही. आता ते सांगायला दुसरं माणूस हवं होतं, एवढंच.

ता. क. तिसरा. त्या लहान दाराशीही रांग होती. साधी. आमच्या पुढे दातांचे डॉक्टर उभे होते.