अक्रोडापासची चूल

प्रिय आई,

काल बाबांना घेऊन आम्ही आपल्याच गावी सहलीला गेलो. उत्खननासाठी गाव उठवून खणलेल्या त्या जागेवर आता छप्पर आहे, आणि खाली तीन हजार वर्षांपूर्वीची घरं. दारावरची मुलगी म्हणाली, म्हाताऱ्यांना तिकीट नाही. बाबा भडकले, "माझ्याच अंगणात मला फुकट सोडतेस होय गं?"

आपलं अक्रोडाचं झाड अजून उभं आहे, त्यावरून त्यांनी घराची जागा ओळखली. तुझं स्वयंपाकघर होतं तिथेच, काचेखाली, त्या जुन्या घरांतली एक चूल आहे. माती भाजून लाल झालेली, आणि तुझ्या चुलीसारखीच दाराकडे पाठ.

आमच्या निंगनिंगनं विचारलं, "आजोबा, आजीच्या चुलीची दिशा चुकली होती ना?"

जन्मभर त्यांनी तुला तेच ऐकवलं. नव्या फ्लॅटमध्येसुद्धा, गेल्या हिवाळ्यात, जेवताना म्हणाले, "हिची चूल चुकली, म्हणून घराला बरकत नाही." तू वाटी खाली ठेवलीस आणि दादाकडे लोयांगला निघून गेलीस.

बाबांनी काचेवर हात टेकला. "वारा दारातून येतो, पाठ केली की जाळ टिकतो," ते म्हणाले. "तिचं बरोबर होतं." मग लगेच माझ्यावर डोळे वटारले, "तिला कळवू नकोस. डोक्यावर बसेल."

म्हणून हे पत्र टाकत नाही. आज सकाळी ते लोयांगच्या गाडीची चौकशी करत होते, आणि खिशात आपल्या झाडाचे अक्रोड वाजत होते. सांगायचं ते त्यांनीच सांगावं. नाहीच जमलं, तर निदान अक्रोड तरी फोडून देतील.

तोंड मिटून बसलेली तुझी लेक,
युन्शिया