मधलं नाव

अप्पा, माझ्या नावापुढं तुमचं नाव लावलेलं तुम्हाला चाललं असतं का?

गेले कित्येक महिने हा प्रश्न मी जवळ बाळगून आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी तुमचा मुलगा होते, निदान तुमच्या लेखी. आज मी बाई आहे, अंगानंही आणि आता कागदावरही. मधल्या सगळ्याला तुम्ही नव्हता. कुणी विचारलं तर मी ठणकावून सांगते की अप्पा असते तर माझ्या बाजूनं उभे राहिले असते. पण हे मला माहीत नाही. माझ्या बाजूनं उभे राहिलेले अप्पा मी पाहिलेत, आणि दुसरेही पाहिलेत.

दुसरे पाहिले ते इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. तुमचं आणि काकांचं काम वहिफणीचं. नवं बीम आलं की त्यावर गुंडाळलेल्या ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, एकेक तार मागाच्या चौकटीतल्या वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओढून घ्यायची. ते झाल्याशिवाय माग चालत नाही. काका पुढं आकडी घेऊन, तुम्ही मागं बसून तारा देणार. काका आजारी पडले की तुम्ही आकडी धरायचात आणि मागं मी. शेजारच्या खोलीत बायका सुताच्या कांड्या भरायच्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यात जाऊन बसायचे, तिथं मला बरं वाटायचं. एकदा त्यांनी हसत हसत माझ्या हातात चार हिरव्या बांगड्या चढवल्या. मी हात पुढं धरून बघत होते, तेवढ्यात तुम्ही दारात आलात. बांगड्या ओढून काढल्यात, एक फुटली, मनगटाला लागली. घरापर्यंत तुम्ही पुढं आणि मी दहा पावलं मागं. दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरावर नवी कंपासपेटी होती, तुम्ही आणलेली. ती पेटी अजून माझ्याकडं आहे. मनगटावरचा वणही आहे, आणि आता त्याच्यावर बांगड्या असतात.

पण त्याच वर्षीचा तो मंगळवारही मी विसरत नाही. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, मी तिच्याशेजारी पीठ मळते आहे, आणि परडी घेऊन जोगवा मागणारी म्हातारी जोगतीण दारात उभी आहे. ती माझ्याकडं टक लावून बघते आणि म्हणते, "हे लेकरू आईचं हाय. यल्लम्माचं. आज ना उद्या देवीला सोडावंच लागंल." आईचा हात तव्यावरच थांबतो. तुम्ही पाटावरनं उठता, तिच्या परडीत दोन मुठी जोंधळे घालता, हात जोडता आणि म्हणता, "आईला नमस्कार सांगा. पर हे कॉलेजचं हाय."

ती हसली. "कॉलेज? तुमच्या घरात धावी तरी झालंय का कोण?"

"न्हाय. म्हणून तर."

अप्पा, देवीच्या नावानं जगणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. पुण्यात माझ्या वाईट दिवसांत अशाच एकीनं मला महिनाभर जेवू घातलं. पण माझ्यासारखीला एकच वाट असते, हे त्या दिवशी तुम्ही मानलं नाहीत, आणि तेव्हापासून मीही मानत नाही. तुम्ही वेगळ्या कारणानं मानलं नाहीत, हे मला कळतं. तरी ती शिकवण तुमचीच.

मी बी.ए. झाले. काळ्या झग्यातल्या माझ्याबरोबर फोटो काढायला तुम्ही स्वतःला नवी टोपी घेतलीत. त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात. मी पुण्याला नोकरीला लागले आणि तिथं एका डॉक्टरांपुढं बसून पहिल्यांदा खरं बोलले. मग तपासण्या, दोघा मनोविकारतज्ज्ञांची पत्रं, गोळ्या, तीन वेळा बदललेली खोली, शेवटी ऑपरेशन. ऑफिसात दोघं माझ्याबरोबर डबा खायचं थांबले. मी एकटीनं खाल्ला, त्याच टेबलावर, रोज. सहा महिन्यांनी एक जण लोणचं घेऊन परत आला. हे सगळं झालं. राहिलं होतं ते नाव. सरकारी राजपत्रात जुनं आणि नवं नाव छापून आणायचं असतं. अर्जात तीन रकाने. पहिला मी एका क्षणात भरला, ते नाव माझ्याजवळ लहानपणापासून होतं. आडनावही लिहिलं. मधल्या रकान्यापाशी थांबले आणि गावी आले.

आईला सगळं ठाऊक होतं, ती फोनवर मला नव्या नावानंच हाक मारते. काकांनी मला साडीत पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी बसायला सांगितलं नाही, आणि मी बसले.

"कापडं बदल, नाव बदल, आमचं काय जात न्हाय," काका म्हणाले. "या घरात येत जा, जेवत जा. फकस्त मधलं नाव काढ. दादाला लेक नव्हती."

"होती, काका. त्यांना सांगायचं राहून गेलं."

"त्यो असता तर त्यानं तुला उभं केलं नसतं."

"नसतं केलं असेल. पण तुम्ही त्यांच्या नावानं सांगू नका. मीही सांगत नाही."

मग मला ती जुनी चूक आठवली आणि मी ती काकांना सांगितली. तेराव्या वर्षी मी तुम्हाला एक तार चुकीची दिली आणि वीतभर काम पुढं गेल्यावर ते लक्षात आलं. घाबरून मी ती तार तोडायला गेले. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "तोडतोस कशाला? तार चांगली हाय. डोळा चुकलाय." शेडमालक म्हणाला, चालतंय की, कोण बघतंय. तुम्ही म्हणालात, "मी बघतोय न्हवं." आणि आपण तिथपर्यंतच्या सगळ्या तारा उसवून पुन्हा पहिल्यापासून ओढल्या.

"मी तेवढंच केलंय, काका," मी म्हटलं. "तार तीच आहे."

काकांनी आयुष्यभर तेच काम केलं. त्यांना समजलं नाही असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "माणूस म्हंजे सूत न्हवं," आणि चपला घालू लागले. आई भाकरी थापता थापता वळूनही न बघता म्हणाली, "भावजी, त्यांचं नाव काय तुमच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर चढलंय व्हय? जेवून जावा." ते जेवले नाहीत. पण 'घरात येऊ नको' असंही म्हणाले नाहीत.

पुण्याला परतताना एसटीत मला एक गोष्ट आठवली. मी तिसरीत होते. तुम्ही सहीच्या जागी अंगठा उठवायचात आणि ते मला आवडत नव्हतं. पाटीवर तुमचं नाव लिहायला तुम्हाला मीच शिकवलं. तुम्ही अक्षर आधी काढायला तयार नव्हता. आधी वरची रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर ओवायचात. मी म्हणायचे, उलटं करताय. तुम्ही म्हणायचात, "आधी ताणा, मग बाकीचं." तुमचं नाव तुम्हाला तुमच्या आईवडलांनी दिलं असेल, लिहिलेलं मी दिलं. ते काढून टाक म्हणण्याचा हक्क काकांना नाही. खरं सांगू, तुम्हालाही नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार? कंपासपेटीत ठेवीन. पुढच्या भेटीत आईला वाचून दाखवीन म्हणते, पण दाखवणार नाही.

राजपत्राची प्रत परवा आली. तीनही नावं छापली आहेत. तुम्हाला विचारलं नाही, हे कबूल करते; नाही म्हणालात असं कळलं असतं तरी लावलंच असतं. अर्जावर सही करताना मी आधी वरची रेघ ओढली, मग अक्षरं.