बीएसए विकली त्या दिवशी

मेढा, मालवण
ता. ९ नोव्हेंबर १९६४

प्रिय निजाम,

पाकिटाची जाडी पाहून तू दचकला असशील. सात वर्षं मी तुला ईदला दोन ओळी पाठवतो, तू मला गणपतीला दोन पाठवतोस. दोघंही खुशाल आहोत एवढंच त्यात असतं. आज मात्र बरंच लिहायचं आहे. बोटीवर सवड मिळेल तेव्हा निवांत बसून वाच.

पहिली बातमी ही की आपली बीएसए फटफटी मी विकली. परवा शनिवारी म्हापशाचा कायतान लोबो नावाचा माणूस ती चालवत घेऊन गेला. मेढ्याच्या वळणावरून तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. मग आत येऊन चहा प्यायलो आणि त्यात साखर नाही हे पेला संपल्यावर कळलं.

का विकली, तर माझं काम वाढलं म्हणून. गेल्या तीन-चार वर्षांत आपल्याकडच्या होड्यांना डिझेलची इंजिनं बसायला लागली आहेत. इंजिन अडलं की लोक मला शोधतात. देवगडपासून शिरोड्यापर्यंत मी हत्यारांची पिशवी पाठीला बांधून बीएसएवरून फिरलो. लोक मला लवू मिस्त्री म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, वाटलं तुलाच हाक मारताहेत. मिस्त्री तू होतास. वाल्व्ह कसा घासायचा, इंजिनाला कान लावून कुठे दुखतंय ते कसं ओळखायचं, हे मी तुझ्याजवळ उकिडवा बसून शिकलो. आज माझं घर चालतं ते त्यावर. आता दांडीच्या किनाऱ्यावर एक शेड घेतली आहे आणि तिथे लेथ मशीन बसवायचं आहे. लोक इंजिनं उचलून माझ्याकडे आणतील, मला गावोगाव हिंडायला नको. गुडघाही आता लांबच्या फेरीला कुरकुरतो. म्हणून गाडी विकायचं ठरवलं.

गोवा मोकळा झाल्यापासून तिकडची माणसं इकडे सहज येतात. त्यांच्याकडे विलायती गाड्यांची हौस जुनी. कोणीतरी कायतानला सांगितलं की मालवणात एक बीएसए आहे, बेळगावच्या फौजी साहेबाची, पण आता साहेबाने पाहिली तर ओळखणार नाही अशी. तो शनिवारी सकाळच्या गाडीने आला. पन्नाशीचा, बुटका, कानांवर केस, बोटांच्या नखांत काळं तेल. नखं बघूनच मला माणूस आवडला. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. सरळ अंगणातल्या खळ्यात उतरला, गाडीवरची ताडपत्री काढली आणि जमिनीवर फतकल मारून बसला. अर्धा तास गाडी चाचपत राहिला. मी बाजूला उभा. बाबा ओटीवर खुर्ची टाकून सुपारी कातरत होते.

निजाम, त्या अर्ध्या तासात मला तू दिसत होतास. तो ज्या ज्या जागी हात लावायचा तिथे तुझा हात आधी लागलेला. कार्बुरेटरच्या मागचा, इंजिनात पेट्रोल जायचा रस्ता तू कानस आणि पॉलिश-कागदाने घासून घासून आरशासारखा केला होतास. अकरा दिवस लागले होते आणि तुझ्या अंगठ्याचं कातडं गेलं होतं. पिस्टन तू मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलास, बोटीत मांडीवर धोतराच्या फडक्यात गुंडाळून, जणू तान्हं मूल. शर्यतीसाठी मडगार्ड, दिवा, सगळं वजन काढून टाकलंस. हॅंडल खाली वाकवलंस. पुढच्या चाकाला दुसऱ्या जड गाडीचा मोठा ब्रेक बसवलास आणि तापू नये म्हणून त्याच्या झाकणाला बारीक बारीक भोकं पाडलीस, एका ओळीत, मोजून पाडावीत तशी. कायतानने त्या भोकांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "कोणाचो हात हो?"

मी म्हटलं, "माझ्या दोस्ताचा. निजाम नाव. बोटीवर इंजिनात असतो."

"ह्या मनशाक देवान फुरसतीन केला," असं काहीसं तो त्याच्या कोंकणीत म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाच पाणी पिऊन आलो.

मग त्याने टाकीच्या उजव्या बाजूचा गिअरचा दांडा पाहिला. असला दांडा या गाडीला नसतो, गिअर पायाने टाकायचा असतो. त्याने माझ्या पायाकडे पाहिलं. मी चालताना उजवा गुडघा वाकत नाही हे त्याने आल्याआल्याच हेरलं असणार. तो दांडा तू कधी बसवलास ते तुला आठवत असेल. मी कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी येऊन महिना झाला होता. बाबा बाजारात गेलेले पाहून तू गाडी ढकलत आणलीस. ती चक्काचूर झालेली गाडी तू पुन्हा उभी केली होतीस आणि वर माझ्या मोडक्या पायासाठी तो दांडा घडवला होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "आता पाय लागाचो नाय. हातान बदल. किक डाव्या पायान मार, उजवीकडे उभो रवान." मी खाटेवर बसून नुसता ऐकत होतो. तू उंबरठ्यावर थोडा थांबलास. मी काहीतरी बोलेन असं तुला वाटलं असेल. मी बोललो नाही. आठ दिवसांनी कळलं की तू बोटीवर गेलास.

त्या दांड्यामुळे मी पुन्हा माणसात आलो, निजाम. बावीस वर्षांचा मी खाटेवर पडून आढ्याकडे बघत होतो. गाडीवर बसता येतंय कळल्यावर पहिल्याच दिवशी धामापूरच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. कोणाला सांगितलं नाही. तळ्याच्या पायरीवर बसून रडलो आणि परत आलो.

हे सगळं मी कायतानला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, पाय अधू आहे म्हणून दांडा हाताचा आहे, काढायचा असला तर निघेल. त्याने मान हलवली. मग गाडीच्या चौकटीच्या खालच्या बाजूला बोट टेकवलं. तिथे तुझं वेल्डिंग आहे, सहसा कोणाला दिसत नाही. त्याने विचारलं, "ही केन्नाय पडल्या?"

साधा प्रश्न. जुनी गाडी घेणारा कोणीही विचारतो. आणि विकणाऱ्याने खरं सांगायचं असतं, कारण उद्या त्या गाडीवर त्याचा जीव असतो. मी म्हटलं, हो, पडली. सत्तावन्न साली कोल्हापूरला शर्यतीत. कशी पडली, त्याने विचारलं. पुढचा ब्रेक लागला नाही. का लागला नाही? ब्रेक तर एवढा चांगला बसवलाय.

इथे मी अडकलो. गेली सात वर्षं गावात सगळ्यांना जे माहीत आहे तेच मी सांगणार होतो. जिभेवर आलं होतं की ब्रेकच्या तारेचा नट आवळायचा राहून गेला. पण समोर तो माणूस तुझ्या कामावर हात ठेवून बसला होता. आणि मला दिसलं की हे वाक्य बोललो तर तो हात उचलेल. आता म्हणेल, बरा मिस्त्री पण विसराळू. ते मला सहन झालं नसतं.

मी त्याला खरं सांगितलं. आता तुला सांगतो.

त्या दिवशी शर्यतीच्या आधी तू दुपारच्या नमाजाला गेलास. जाताना म्हणालास, गाडीक हात लावू नको, सगळा बरोबर आसा. मी चाक उचलून फिरवलं. मला वाटलं ब्रेक किंचित घासतोय, चाक जड फिरतंय. तेवढ्यानेही वेग कमी होईल, मी हरेन. तू येईपर्यंत मला धीर धरवला नाही. तारेचा नट मीच सैल केला, चार-पाच आटे. तो नट आपोआप फिरू नये म्हणून असतो तो वरचा चेकनट परत आवळला की नाही हे मला आजही आठवत नाही. तू परत आलास तेव्हा तू विचारलंस, हात नाय ना लावलंस? मी नाही म्हटलं. तुला आठवतं का ते? तू हसून माझ्या पाठीवर थाप मारलीस. तिसऱ्या फेरीला वळणावर ब्रेक ओढला तर त्याचा दांडा थेट हॅंडलला टेकला आणि पुढे काय झालं ते तू पाहिलंस.

दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा तू खाटेच्या पायाशी बसला होतास. तू गाडी पाहून आला होतास, सैल नट पाहिला होतास. म्हणालास, "माझाच चुकला. नट आवळूक मी इसारलंय." मी डोळे मिटले. पहिल्या दिवशी दुखण्याने बोललो नाही असं स्वतःला सांगता येईल. पण तू दोन महिने त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिलास. मला उचललंस, पेज भरवलीस, माझी घाण काढलीस. त्या साठ दिवसांत बोलायला मला तोंड होतं. बाबांनी दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांदेखत तुला म्हटलं, "माझ्या झिलाचो पाय तुया मोडलंस. माझ्या दारात परत येव नको." ते मी खिडकीतून ऐकलं. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बाबांचा राग कुठेतरी पडायचा होता, तो माझ्यावर पडला नाही. मी इतका लहान माणूस होतो. आणि एवढं होऊनही तू तो दांडा करून आणलास.

कायतानने सगळं ऐकून घेतलं. उठला, हात पँटीला पुसले आणि म्हणाला, "हें म्हाका कित्याक सांगता? जाका सांगपाक जाय ताका सांग." ज्याला सांगायला हवं त्यालाच सांग, एवढं बोलून म्हणाला, गाडी मी घेतो. तो दांडा काढू का विचारलं, तर नको म्हणाला, असा दांडा बनवणाऱ्याचं काम मोडणार नाही.

मागे अडकित्त्याचा आवाज थांबला होता. मी वळून पाहिलं. बाबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना मी हे कधी सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, "ह्या खरा काय रे लवू?" मी म्हटलं, खरं. ते मला शिव्या देतील, मारतील म्हणून मी उभा राहिलो. बहात्तर वर्षांचे आहेत, पण हात अजून जड आहे. ते उठले. आत गेले, देवळात जायचा कोट घातला, टोपी घातली आणि काठी घेऊन खाली उतरले. कायतानला थांबायला सांगून मी लंगडत मागे मागे गेलो.

ते तुझ्या घरी गेले. सात वर्षांत ते त्या गल्लीतून गेले नव्हते. सकिनाचाची दारात तांदूळ निवडत होती. बाबा अंगणात उभे राहिले, टोपी हातात काढून घेतली आणि म्हणाले, "सकिना, मी तुझ्या झिलाक नको नको ता बोललंय. त्याची एक चूक नव्हती. चूक माझ्या झिलाची." चाचीने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग तिने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "सात वर्सां मीय त्याकाच बोल लावलंय." एवढंच. चटई टाकून म्हणाली, "भिकाजीनू, उभे कित्या? बसा." बाबा बसले. तिने चहा केला, मलाही दिला. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. ते बरोबरच आहे. पण मी निघालो तेव्हा पेला माझ्या हातातून तिने स्वतः घेतला.

निजाम, तू आईला मुंबईला बोलावून भेटतोस, मालवणच्या धक्क्यावर पाय ठेवत नाहीस. हे माझ्यामुळे. तू सात वर्षं दुसऱ्याची चूक उराशी घेऊन समुद्रात फिरतोस. प्रत्येक नट तू आता दोनदा आवळत असशील आणि तरी रात्री उठून तपासत असशील. मला तुझा स्वभाव माहीत आहे. तू काहीही विसरला नव्हतास. तुझं काम बिनचूक होतं. मी पत्र लिहिलं ते हे सांगायला. माफी मागायला लिहीत नाही, ती मागायची तर समोर उभं राहून मागितली पाहिजे. चाचीने सांगितलं की तुझी बोट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला लागेल. बाबा आणि मी दोघेही येतो आहोत. बाबा थंडीत बोटीचा प्रवास नको म्हटलं तर ऐकत नाहीत. तू आमच्याशी बोललंच पाहिजेस असं नाही. आम्हाला पाहून तोंड फिरवून गेलास तरी आम्ही तसेच परत येऊ आणि तुझे उपकार मानूच. पण बाबांनी चाचीला शब्द दिला आहे की मालवणला परत येताना तिकिटं तीन असतील. त्यांना तो पाळू दे, एवढं जमलं तर बघ.

तुझाच,
लवू