माझ्या माघारी लाल कुलूप कोणी काढावं

मी, निलेश महादू धुरी, वय वर्षे २६, धंदा सोलर व बॅटरी यंत्रणेची जोडणी आणि देखभाल, राहणार मु. पो. काळसे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी डोक्याला टाके घालतानाच तसं सांगितलं. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असं पुढे लिहायची पद्धत असते. पण ते खोटं होईल. कु. अवनी सामंत, रा. वालावल, आमच्या कंपनीच्या सिस्टीम इंजिनिअर, यांच्या दडपणाखालीच लिहितोय, आणि माझं डोकं तापलेलं आहे. तेही नमूद असावं.

झालं ते असं. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आमची सोलरची यंत्रणा आहे. पॅनेलं, इन्व्हर्टर, बॅटरी, बर्फाचा कॉम्प्रेसर आणि वीज बोर्डाची लाईन यांनी एकमेकांशी भांडू नये, हे बघायचं काम अवनीचं. तिचा नियम असा, की दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचं लाल कुलूप घालायचं. किल्ली आपल्याच खिशात. ज्याने घातलं त्यानेच काढायचं, दुसऱ्या कोणी नाही. घालणाराच उरला नाही, तरच साइटच्या प्रमुखाने, म्हणजे इथे अवनीनेच, कागद करून ते काढायचं.

गेल्या आठवड्यात मी स्विच बंद केला आणि कुलूप पेटीतच राहू दिलं. मी शिडीवर. खाली मासेवाली हौसाबाई मेस्त बर्फासाठी टोपली घेऊन खोळंबलेली. तिने पाहिलं, यंत्र बंद. स्विच खाली. तिने तो वर केला. झटका बसून मी शिडीवरून थेट मासळीच्या क्रेटवर.

"लाईट इली नाय म्हणान बटन वर केलंय," ती सगळ्यांना सांगत होती. "ह्यो वर चिकटलोसा, माका काय म्हायत!"

आणि अवनी, रुग्णवाहिका यायच्या आधी, सगळ्या बंदरासमोर माझ्यावर ओरडली: "निल्या, तुझ्या आवशीक मी काय सांगतलंय? मृत्युपत्र लिवन ये आणि मगेच वर चढ!"

ती रागाने बोलली असेल. मी रागानेच लिहितोय. हे घ्या.

कलम १. काळशाच्या काजूच्या बागेतला माझा हिस्सा माझी बहीण पूजा हिला. मुलगा इंजिनिअर झाला तर बागेकडे बघणार नाही, ही बाबांची काळजी होती. मी इंजिनिअर न होताही बघितलं नाही. पूजा बघते.

कलम २. मोटरसायकल बाबांना. ती चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही आणि शिवी दिल्याशिवाय चालत नाही. बाबांना दोन्ही जमतं.

कलम ३. तिसऱ्या वर्षापर्यंतची इलेक्ट्रिकलची पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला. तिथल्या विभागप्रमुखांशी माझा वाद झाला होता. त्यांच्या बोर्डवरची मोटरची जोडणी चुकली आहे, असं मी भर प्रॅक्टिकलमध्ये म्हणालो. जोडणी बरोबर होती, हे तेव्हा माझ्याच वर्गात असलेल्या अवनीने मला बाहेर आल्यावर सांगितलं. आत असताना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांनी माझं जर्नल टेबलावर आपटलं. मी ते उचलून खिडकीतून टाकलं, आणि त्याच्या मागोमाग मीही दारातून बाहेर पडलो, कॉलेजातून कायमचा. तो राग मी इथे सोडतो. अर्धा सोडतो. जर्नल त्यांनी आधी आपटलं.

कलम ४. मल्टिमीटर, पकडी आणि हत्यारांची पेटी, माझ्या जागी जो येईल त्याला. सेफ्टी बूट मात्र कंपनीचे पुण्याचे श्री. मिहीर यांना. अवनीसारखे तेही कंपनीच्या दक्षिण कोकण विभागप्रमुखाच्या जागेसाठी उभे आहेत. मीटिंगमध्ये ते 'टीम, टीम' करतात, पण त्यांना एकाही छतावर चढताना मी पाहिलेलं नाही. निवड झालीच, तर बूट लागतील.

कलम ५. कंपनीने मोडीत काढलेली आणि मी विकत घेतलेली दोन पॅनेलं हौसाबाईंना. दर मे महिन्यात आमच्या मागच्या ओळीची वीज घटायची. आम्ही वायरी तपासल्या, इन्व्हर्टर तपासला, अवनी तर कंपनीच्या माणसांशी फोनवर भांडली. शेवटी कळलं की हौसाबाई कोकमाची सालं पॅनेलवर पसरून आमसुलं सुकवते. एका पॅनेलवर सावली आली तरी सगळी ओळ सुस्तावते, हे मी तिला हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, "सूर्य तुमच्या कंपनीचो काय रे?" तेव्हा ही दोन पॅनेलं तिने कारखान्याच्या मागे हवी तिथे मांडावीत आणि चालू ओळ सोडावी. स्विचबद्दल माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

कलम ६. हे वाटणीचं कलम नाही, पण माझ्या सहीने राहावं. कॉलेजात असताना अवनी म्हणायची, "एक दिवस सगळ्या कोकणची वीज मी सांभाळतलंय." मोठ्या खुर्चीसाठी नाही. खाऱ्या वाऱ्याने इथले जोड सहा महिन्यांत गंजतात आणि ते कुठले घ्यायचे हे ठरवणाऱ्यांनी समुद्र सुट्टीत पाहिलेला असतो, हा तिचा संताप. म्हणून तिला प्रमुख व्हायचंय. पाच वर्षं ती रत्नागिरी ते दोडामार्ग एसटीने फिरली, आणि तिच्या एकाही साइटवर कोणाला खरचटलं नव्हतं. मंगळवारी पुण्याला मुलाखत. आणि मी नेमका आता पडलो.

मी दवाखान्यातच उपाय सांगितला. "माडावरसून पडलंय म्हणान सांगतंय. तुझो रेकॉर्ड साफ."

"कारखान्यात माड खंय आसा रे?"

"घराकडलो माड!"

"आणि बंदरावरच्या पन्नास माणसांनी काय बघितल्यानी? जो अपघात लपवता, तो प्रमुख कसलो?"

तिने अहवाल त्याच दिवशी पाठवला. माझ्या नावाच्या वर, 'साइटची जबाबदारी' या रकान्यात, स्वतःचं नाव. कोणी मागितलं नव्हतं! आता मिहीरसाहेब तोच अहवाल मुलाखतीत फडकावतील. तेव्हा मी जाहीर करतो: नियम तिने मला तोंडी सांगितला होता, लेखी दिला होता, कुलूप स्वतः आणून दिलं होतं, आणि त्यावर माझं नाव तिनेच पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं. याउपर तिला कोणी दोष दिला, तर मी मेलेला असलो तरी ऐकून घेणार नाही.

मलाही प्रमुख व्हायचंय, निदान एका कारखान्याचा. ती म्हणते, आधी राहिलेलं वर्ष पूर्ण कर. दर वेळी म्हणते. मी बघतो म्हणतो.

कलम ७. ते लाल कुलूप कु. अवनी सामंत यांना. मी पुन्हा वर गेलो आणि खाली आलो नाही, तर ते स्विचवर लटकलेलं असेल, कारण यापुढे मी ते घालणार आहे. ते इतर कोणीही काढू नये.

पुरवणी, सहीच्या आधी. मालवणच्या कोर्टात वकिलाकडे कारकून असलेला माझा मित्र प्रीतम कांदळगावकर याला मी काहीही ठेवलेलं नाही, म्हणून तो साक्षीदार. दुसरी साक्षीदार म्हणून मी अवनीला बोलावलं. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं. कलम ७ वर थांबली.

"तू नसलंस तर कुलूप मी काढतलंयच. नियमच आसा. त्याका मृत्युपत्र कित्याक?"

मी म्हणालो, "प्रमुख म्हणान काढू नको."

प्रीतम मध्येच कायदा सांगायला लागला, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, पुढे वाद होतो. तेव्हा अवनीची सही हवी तर कलम ७ खोडावं लागेल. मी पेन हातात घेतलं. अवनीने ते काढून घेतलं.

"खोडू नको. दुसरो साक्षीदार बघ."

दुसरा साक्षीदार म्हणजे बर्फाला आलेली हौसाबाई. मग कलम ५ गेलं. तिला समजावलं तर म्हणाली, "दी तो पेन. दोन पॅनेलांसाठी तुझो जीव टांगून ठेवू काय?" कलम ५ रद्द. आमसुलं कुठे सुकतील ते मला माहीत आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि रद्द केलेलं सोडून मला मान्य आहे.

ठिकाण: बर्फाचा कारखाना, मालवण बंदर
दिनांक: ११ मे २०२५

लिहून ठेवणार: निलेश महादू धुरी
साक्षीदार १: प्रीतम कांदळगावकर
साक्षीदार २: हौसाबाई मेस्त

साक्षीदार म्हणून नव्हे: टाके निघाल्यावर यांना कामावर घ्यावे. कुलूप मी स्वतः तपासेन. कॉलेजचा अर्ज जूनमध्ये भरायचा आहे, तो दोघे मिळून भरू. अवनी