काळी बारीक वायर

पनवेल,
९ नोव्हेंबर

प्रिय भाविका,

तू पुण्याला गेलीस त्याला तीन वर्षं झाली. फोनवर आपण पावसाचं, ट्रॅफिकचं बोलतो, मग तू 'आईला द्या' म्हणतेस आणि मी देतो. आज जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्याच्याने होणार नाही. बोलताना माझा आवाज चढतो, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

घरी सगळं ठीक. विचुंब्याला आपल्या दारासमोर आता सात मजली इमारत उभी राहिली, त्यामुळे सकाळचं ऊन ओट्यावर यायला दहा वाजतात. आई त्या बिल्डरला रोज एक शिवी घालते आणि त्याच्या वॉचमनला चहा देते. बंदराकडच्या रस्त्यावरचं आपलं गॅरेज आहे तसंच आहे. जुनी गिऱ्हाइकं अजून विचारतात, पोरगी दिसत नाही ती? मी सांगतो, पुण्याला विम्याच्या ऑफिसात मोठ्या कामावर आहे. ते 'वा' म्हणतात आणि मी इंजिनात डोकं घालतो.

तू आठवीत असताना गणपतीची आरास केली होतीस, ती परवा आठवली. चौसष्ट बल्ब, आणि एकेक जोड मी ओढून पाहिला होता. एकही सुटला नाही. मी तेव्हा काही बोललो नाही. आजोबांनाही मिठागरात चांगल्या कामाचं कौतुक करताना मी कधी पाहिलं नाही, तीच सवय माझ्यात उतरली असावी. पुढे सुट्टीत तू गॅरेजमध्ये उलट्या डब्यावर बसून वायरच्या टोकाला बसवायचे लग निवडायचीस, तांब्याचे एकीकडे, गंजलेले एकीकडे. बंदरावर पहिल्यांदा बोटीचं इंजिन तू चालू केलंस, तेव्हा खाडीचं पाणी तोंडावर उडालं आणि तू ते पुसलंही नाहीस. माझ्यानंतर गॅरेज कोण बघणार, याचा विचार करणं मी त्या दिवशी सोडून दिलं.

आणि मग तो दिवस. तुला सांगायला नको, तरी लिहितो, कारण मी त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. किहीमच्या चारुदत्तशेठची वॉटर स्कूटर तू पूर्ण नव्याने वायर केली होतीस. दसऱ्याची पूजा करून आपण ती दिली आणि आठवड्याभरात ती टेम्पोतून परत आली. चार्जिंगची बारीक काळी वायर वितळलेली, वरचं प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं, आणि ते नेमकं तुझ्या जोडाजवळ. किनाऱ्याजवळच धूर निघाला म्हणून माणसं वाचली. शेठ ओरडत होते, दोन गिऱ्हाइकं उभी होती, काशीराम टेम्पोवाला तोंडावर रुमाल धरून हसत होता. आणि मी म्हणालो, पोरीच्या हाताला दाब नाही, जोड दाबायला पुरुषाचा हात लागतो. तू पक्कड टेबलावर ठेवलीस. ती तू पुन्हा उचलली नाहीस. आई त्या रात्री मला एवढंच म्हणाली, "पोर तुजी हाय का गिऱ्हाइकाची?" मी जेवलो नाही, पण तुझ्या खोलीच्या दारापर्यंतही आलो नाही.

आता यंदाची गोष्ट. चिरनेरच्या परेशची वॉटर स्कूटर दसऱ्याला आपल्याकडे होती. दिवाळीत तो ती घेऊन परत आला. "काका, चार्जिंगची वायर तापतेय, हात लावला तर चटका बसतोय." तीच काळी वायर. मी रेग्युलेटर बदलला. वायर तापली. दुप्पट जाड वायर टाकली, ती जरा कमी तापली एवढंच. नवी बॅटरी लावली, काही फरक नाही. जोड मी स्वतः दाबले होते, पुरुषाच्या हाताने. परेश म्हणाला, "काका, तुमालाबी आता चष्मा लागलाय वाटते." मी त्याला घरी जायला सांगितलं.

चौथ्या दिवशी पेट्रोल बंद ठेवून मी नुसता स्टार्टर मारत होतो. इंजिन एकदाही पेटलं नाही, आणि वायर तापली. आता तूच बघ, भाविका. इंजिन पेटलंच नाही, तर चार्जिंग कसलं होणार? म्हणजे तिच्यातून जाणारा करंट चार्जिंगचा नव्हताच, स्टार्टरचा होता. स्टार्टरचा एवढा मोठा करंट बॅटरीकडे परत येतो तो जाड अर्थच्या केबलमधून. तिथे वाट मिळाली नाही, तर तो सापडेल त्या बारीक वायरमधून घुसणार. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनाच्या अंगाला, आणि परेशला परत बोलावून त्याच्याकडून स्टार्टर मारून घेतला. काटा जेमतेम हलायला हवा होता. अडीच व्होल्ट दाखवले.

जाड केबलचा बोल्ट उघडला. लगच्या खाली चंदेरी रंग, आरशासारखा.

दसऱ्याला गॅरेजमधल्या प्रत्येक इंजिनाला मी चंदेरी रंगाचा हात देतो, हे तुला माहीत आहे. आपल्याकडे हत्यार उजळल्याशिवाय पूजा होत नाही. सगळे वरवर पुसतात, फूल ठेवतात. मला ते पटत नाही. मी केबल सोडतो, खालपर्यंत रंग मारतो, वाळला की केबल पुन्हा कसतो आणि मग झेंडूचा हार घालतो. रंगातून वीज जात नाही, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून काढला, केबल कसली, स्टार्टर मारला. वायर थंडगार.

त्याच दुपारी चारुदत्तशेठना फोन केला. तुमच्या त्या स्कूटरचं पुढे काय झालं, विचारलं. ते हसले. म्हणाले, "अहो भगवानशेठ, अलिबागच्या मिस्त्रीने दहा मिनिटांत काढलं की. अर्थखाली तुमचा रंग होता. तुम्हाला कळवणार होतो, पण तुमचा आवाज केवढा, कोण ऐकून घेणार?" तीन वर्षं हे किहीमला माहीत होतं आणि मला नव्हतं.

ती जळलेली वायर मी फेकली नव्हती. कशाला ठेवली होती, देव जाणे. तुझा जोड करवतीने मधोमध कापला. आतले सगळे तंतू दाबून एकजीव झालेत, कुठे फट नाही, कुठे काळं नाही. उष्णता दुसरीकडून आली होती. माझे जोड त्याच्याशेजारी ठेवले. तुझा चांगला आहे.

काल मी काशीरामला आणि त्या दोन्ही गिऱ्हाइकांना चहाला बोलावलं आणि हे असंच, उभं राहून सांगितलं. काशीराम म्हणाला, "मंग पोरीला सांगितलं का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मंग आमाला कशाला बोलावलं?" बरोबर बोलला. म्हणून आज लिहायला बसलो.

आई म्हणते, रत्नागिरीला बोटी बांधणाऱ्या कारखान्याने तुला वायरिंगच्या कामावर बोलावलंय, सोमवारपर्यंत कळवायचं आहे, आणि तू नाही म्हणणार आहेस. 'माझ्या हातात ते काम नाही,' असं तू तिला सांगितलंस. ते वाक्य तुझं नाही, भाविका. ते मी चार लोकांसमोर तुझ्या तोंडात कोंबलं आणि ते खोटं होतं. पुणं आवडत असेल तर पुण्यालाच राहा. गॅरेजला परत ये, असंही मी म्हणत नाही, तो हक्क मी गमावला. पण सोमवारी त्यांना जे काही सांगशील ते माझ्या शब्दावर सांगू नकोस. माझी चूक झाली. मला माफ कर.

तुझाच,
बाबा

आई शेजारी बसून वाचतेय. म्हणते, "माजं पन नाव घाल, आनि तिला सांग, हो म्हन." तेव्हा तुझीच, आई.