सासूबाईंच्या नावावर सासऱ्यांचं हृदय

जावईबापूंना सासऱ्याचे आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असालच. (नसाल तर तुमच्या मनगटावरच्या पट्ट्याने तुमच्या आधी साऱ्या जगाला कळवलं असेल.) आमची खुशाली तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर फोनवर बघता, तरी जुन्या सवयीने कागदावर लिहितो आहे.

तुम्ही सासूबाईंना मनगटी पट्टा पाठवलात. तो नाडी, पावलं, झोप सगळं मोजून दवाखान्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला कळवतो. मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण मालकाची चहाडी करणारं घड्याळ पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्या सासूबाई दिवसभर शिलाईच्या मशीनवर. पट्टा कापडाला अडकायचा. काढून ठेवला की पाच मिनिटांत तुमचा फोन, "आई, पट्टा काढलात का?" जावयाचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनीच तोडगा काढला: मशीनवर बसताना पट्टा माझ्या हातात. मी दोन वेळा फिरायला जातो, दुपारी डाराडूर झोपतो. महिन्याभरात सासूबाई बसल्या जागी रोज सहा हजार पावलं चालू लागल्या. तुमचे कौतुकाचे फोन आले. त्या लाजल्या, मी मिशीतल्या मिशीत हसलो.

मग त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली, छातीवर दडपण यायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, तेही आधीचा पेशंट उठला की नाही ते बघायला. पुढे सगळा वेळ पडद्याकडे. पडदा हिरवागार. यंत्राचं मत पडलं की हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे, दडपण मनाचं असावं. त्या म्हणाल्या, "अहो, पण मला दुखतंय." डॉक्टर म्हणाले, "इथे दिसत नाहीये." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. पण खरं सांगतो, मी सुखावलो होतो. अडुसष्टाव्या वर्षी चाळिशीचं हृदय, आणि ते माझं! शिवाय हसं होईल ही भीती. गप्प बसलो. पाचव्या दिवशी ती (आता 'त्या' म्हणवत नाही) मशीनवरच कोसळली.

आता दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे. डॉक्टरांपुढे मी सगळं कबूल केलं. त्यांनी 'पेशंटकडून चुकीची माहिती' असं लिहून खाली माझी सही घेतली. दुखतंय असं ती स्वतः सांगत होती, ती माहिती कुठे लिहिली आहे, असं मी विचारलं. तसा रकानाच नाही म्हणाले.

कळावे, लोभ आहेच.
तुमचा सासरा

ता. क. येत्या गुरुवारी तिचं ऑपरेशन आहे.

आणखी एक ता. क. "अ‍ॅपवर सगळं ठीक दिसतंय, कशाला धावतेस" म्हणून तुम्ही आमच्या मुलीचं येणं दोनदा लांबवलंत. तुम्हाला तरी काय बोलू, तुम्ही माझी नाडी बघत होतात. पण आता तिला पाठवा. आई फोनवर "बरी आहे" म्हणेल, तरी पाठवा. आणि हे पत्र तिला दाखवू नका. मी तिथे गप्प का बसलो, ते तिला मीच सांगेन.