गोदाबाईच्या होडीचं टोक

२ मे, वाळूज
पैठणच्या गोदाबाईची फायबरची होडी साच्यात घेतली. धरणावर मासे धरते. नवरा गेल्यापासून जाळं तीच सांभाळते, सोबत मुलगा नामदेव. रंग निळाच हवा म्हणाली. सकाळी साच्यात जेलकोट मारला, म्हणजे बाहेरचा रंगाचा थर. पत्र्याखाली जीव नकोसा झाला होता. थर अजून बोटाला चिकटत होता आणि मी कूलर लावला. अर्धाच तास. या थराला ओली हवा लागू द्यायची नाही, हे मीच सगळ्यांना बजावतो. कळतं पण वळत नाही. मग वर काचेची मॅट, रेझिन, नेहमीसारखं.

५ मे
होडी साच्यातून निघाली. दिसायला झकास. नाण्यानं वाजवून पाहिली. सगळीकडे टणटण, टोकापाशी ढब. म्हणजे तिथं रंगाचा थर आतल्या मॅटला धरलेला नाही. घासून पुन्हा मारायचा तर दोन दिवस जातील. कारखान्याच्या शेठचा आज तिसरा फोन.

६ मे
चकाकीसाठी पाणपेपर, कंपाउंड, बफ. टोकावर जरा जास्तच बफ मारला. लाज वाटत होती आणि हात थांबत नव्हता.

८ मे
माय-लेक टेम्पो घेऊन आले. नामदेवनं होडीच्या अंगात तोंड बघून मिशी नीट केली. गोदाबाई म्हणाली, "हितंच नारळ फोडते." त्यांच्यात तो होडीच्या टोकावरच फोडतात. लाकडी होडीला काही होत नसे. बाई, दगडावर फोडा, एवढं मला म्हणता आलं असतं.

नामदेव म्हणाला, "माय, म्या फोडतो. तुझ्या हातानं नको." विधवेचा हात नको, हे त्यानं उघड म्हटलं नाही इतकंच.

"जाळं चालतंय ना माझ्या हाताचं?" म्हणाली आणि फोडला.

तळहाताएवढा निळा टवका उडाला. खाली पांढरी मॅट उघडी. मग नामदेव: "तरी सांगत व्हतो."

थर धरलेला असता तर चार बारीक रेघा उमटल्या असत्या, बस. हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दुरुस्त होईल." होडी ठेवून गेले.

११ मे
सगळं टोक घासून काढलं. शेठला खरं काय ते सांगितलं. "मिस्त्री, ते स्वतःच नारळाचं नाव घेतायत. तुम्ही कशाला मध्ये पडता?" जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, ऊन लागलं म्हणालो.

१४ मे
गोदाबाई एकटीच आली, एसटीनं. नामदेव घरात तिच्याशी बोलत नाही, म्हणाली. सून नातवाला तिच्याजवळ देईना. होडीला हात न लावता लांबूनच बघत राहिली. माझ्यानं राहवलं नाही. बाई, नारळाचा दोष नाही, तुमचा तर नाहीच, माझा थर कच्चा होता, असं एका दमात बोललो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मला कशाला सांगता? माझ्या हाताला काय बी झालेलं नाय, मला म्हाईत हाय. नामदेवला सांगा."

१६ मे
नामदेव दहाला होडी न्यायला येणार. शेठ सकाळपासून ऑफिसात. मला म्हणाला, आज सुट्टी घ्या, उद्यापासून नेहमीसारखं या. एकवीस वर्षांत त्यानं आपणहून सुट्टी दिलेली आठवत नाही. घेतली नाही. होडीपाशीच स्टूल टाकून बसलोय. काय सांगायचं ते ठरलंय. पहिलं वाक्य तेवढं जुळेना. फाटकाशी टेम्पो थांबला.